तुम्ही विचारलंत म्हणून: कापडाखालची पंधरा मिनिटं

निवृत्त झाल्यापासून शाळांमध्ये विमानांच्या इतिहासावर बोलायला जातो. शेवटी एक प्रश्न हमखास येतो. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत विमान कुठल्या कुठे गेलं, त्यातला सगळ्यात मोठा टप्पा कोणता? विचारणारे बाई किंवा सर बहुतेक वेळा उत्तरही सुचवतात, "लिंडबर्गचाच ना?"

चार्ल्स लिंडबर्ग या अमेरिकन वैमानिकाबद्दल मला अतोनात आदर आहे. २० मे १९२७ ला न्यूयॉर्कहून तो एकटा निघाला आणि अटलांटिक ओलांडून साडेतेहतीस तासांनी पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावर उतरला. पेट्रोलची मोठी टाकी त्यानं स्वतःच्या पुढ्यात बसवून घेतली होती, त्यामुळे समोर काचच नव्हती. पुढचं बघायला एक लहानसा पेरिस्कोप, नाहीतर बाजूच्या खिडकीतून डोकं बाहेर काढायचं. असं धाडस मी कधी कमी लेखणार नाही.

पण मला विचाराल तर माझी तारीख २४ सप्टेंबर १९२९ ही आहे. जागा न्यूयॉर्कजवळचं मिचेल फील्ड, वैमानिक जिमी डूलिटल. उड्डाण जेमतेम पंधरा मिनिटांचं, बाहेरचं काहीही न बघता केलेलं, आणि निघाला त्याच मैदानावर तो परत उतरला.

माझी ३१ वर्षं विमानांच्या इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये गेली. कॉकपिटमधल्या डायलना आम्ही 'घड्याळं'च म्हणायचो. ती खोलायची, साफ करायची, जोडून टेस्ट बेंचवर लावायची, हेच काम. म्हणून माझा ओढा तिकडे आहे हे खरं, पण कारण तेवढंच नाही.

जून १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राऊन ही जोडी व्हिकर्स व्हिमी विमानातून न्यूफाउंडलंडहून आयर्लंडला निघाली. कुठेही न थांबता अटलांटिक ओलांडणारी ही पहिली माणसं, लिंडबर्गच्या आठ वर्षं आधीची. वाटेत ते दाट ढगात शिरले. वर-खाली, डावं-उजवं काही कळेना. वेग दाखवणारा काटा अडकून बसला. विमान गिरक्या घेत खाली येत राहिलं आणि ढगातून बाहेर पडलं तेव्हा समुद्र त्यांना भिंतीसारखा उभा दिसला. अर्थात आडवं झालं होतं ते विमान. पाण्यापासून शंभरेक फुटांवर अल्कॉकनं ते सावरलं. सोळा तासांच्या प्रवासानंतर ते क्लिफडेनजवळच्या दलदलीत उतरले आणि विमानानं चिखलात नाक खुपसलं. जगानं जल्लोष केला तो योग्यच होता. पण पाणी दिसायला आणखी दोन-तीन सेकंद उशीर झाला असता तर?

ढगात चांगला वैमानिकही का फसतो, हे मुलांना मी कळशीवरून सांगतो. पाण्यानं भरलेली कळशी एकदम फिरवलीत तर आतलं पाणी आधी मागे राहतं. फिरवतच राहिलात तर थोड्या वेळानं पाणीही तिच्याबरोबर फिरू लागतं. कळशी थांबवली की पाणी मात्र फिरतच राहतं. आपल्या कानात अगदी आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, त्यातला द्रव असाच वागतो. विमान हळूहळू आणि बराच वेळ वळत राहिलं की कान सांगतो, सगळं सरळ आहे. वैमानिकानं खरोखर सरळ केलं की तोच कान सांगतो, उलटीकडे वळतोयस. मग तो पुन्हा वळणात नेतो, आणि ते वळण खाली खाली जातं.

एकदा प्रशिक्षणाच्या विमानातून एका इन्स्ट्रक्टरनं मला वर नेलं आणि डोळे मिटायला सांगितलं. "सरळ वाटलं की सांगा." मिनिटभरानं मी खात्रीनं सांगितलं, "सरळ." डोळे उघडले तर डावा पंख बऱ्यापैकी खाली होता आणि शेतं तिरकी झाली होती. इतकी वर्षं हे वाचलेलं होतं, दुसऱ्यांना समजावलेलं होतं, तरी पोटात धस्स झालं.

डूलिटलनं नेमकं हेच कोडं हाती घेतलं. तो साहसी वैमानिक म्हणून प्रसिद्ध होता, पण एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रविद्यापीठाचा डॉक्टरेटही होता, आणि माझ्या मते या कामात दुसरी गोष्ट जास्त कामी आली. पैसा विमानविद्येला मदत करणाऱ्या गुगेनहाइम फंडाचा. साधनं मुख्यतः तीन. उपकरणं बनवणाऱ्या स्पेरींनी जायरोवर, म्हणजे वेगानं फिरणाऱ्या चाकावर, चालणारी दोन उपकरणं बनवली, एक दिशा दाखवणारं आणि दुसरं कृत्रिम क्षितिज. वळण दाखवणारा जायरो लिंडबर्गकडेही होता, पण त्याचा काटा बघून विमान कसं झुकलंय याचा अंदाज मनात बांधावा लागे. कृत्रिम क्षितिज चित्रच दाखवतं: ही जमीन, हे तुझे पंख. पॉल कोल्समननं आधीच्या उपकरणांपेक्षा कितीतरी नाजूक असं उंचीचं घड्याळ बनवलं, म्हणजे आल्टिमीटर. आणि मैदानाची वाट दाखवायला रेडिओचा बीकन.

त्या दिवशी डूलिटल मागच्या कॉकपिटमध्ये बसला आणि वरून कापडाचं झाकण ओढून घेतलं. बाहेरचं काहीही दिसू नये म्हणून. पुढे सुरक्षेसाठी बेन केल्सी हा दुसरा वैमानिक होता. आपण कंट्रोलला हात लावत नाही हे खाली उभ्या लोकांना दिसावं म्हणून त्यानं हात बाहेर दिसतील असे ठेवले होते. ते हात मला फार आवडतात. विमान उठलं, वळलं, बीकनच्या आधारानं मैदानावर परत आलं आणि टेकलं. उतरणं जरा दणक्याचं झालं, पण उठण्यापासून टेकण्यापर्यंत फक्त घड्याळं बघून केलेलं ते पहिलं उड्डाण ठरलं.

जायरो हातात घेतलात की ही गोष्ट पटते. मुठीत मावेल एवढं पितळी चाक, कडेला खाचा कोरलेल्या. व्हॅक्यूमनं ओढलेली हवा त्या खाचांवर आदळते आणि चाक मिनिटाला हजारो फेरे घेतं. एकदा वेग घेतला की भोवतालची चौकट कशीही फिरवा, चाक आपली दिशा सोडत नाही. हवा बंद केल्यावरही ते कितीतरी मिनिटं फिरत राहतं, आणि थांबायला किती वेळ घेतं यावरून आम्ही बेअरिंगची तब्येत ओळखायचो. चाक लवकर थांबलं की कुठेतरी धुळीचा कण असणार. भिंगाखाली तो सापडेपर्यंत जेवायला उठायचं नाही, असं आमचे उस्ताद सांगायचे.

आल्टिमीटरचं आपल्या पावसाशी नातं आहे. तो हवेचा दाब मोजतो आणि फुटांत सांगतो. जमिनीलगत दाबात १ हेक्टोपास्कलचा (हे दाबाचं एकक) फरक म्हणजे साधारण २८ फूट. पावसाळी हवेत दाब १० हेक्टोपास्कलनं उतरला आणि वैमानिकानं सेटिंग बदललं नाही, तर प्रत्यक्षात तो काट्यापेक्षा २८० फूट खाली असतो. दाबाचा आकडा लावायच्या त्या छोट्या खिडकीला अजूनही कोल्समनचंच नाव आहे.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. दिवसाउजेडी, जमीन बघत. तेव्हाचं जुहू म्हणजे समुद्रालगतच्या वाळलेल्या चिखलावरची धावपट्टी. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची, म्हणून मुक्काम पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. दुसरीकडे १९३३ साली वायली पोस्ट हा एका डोळ्याचा वैमानिक ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांत एकटा पृथ्वीप्रदक्षिणा करून आला तो विमान आपोआप सरळ ठेवणाऱ्या स्पेरींच्या ऑटोपायलटच्या साथीनं, आणि त्या ऑटोपायलटच्या पोटात असेच जायरो होते.

ल बुर्जेला लिंडबर्गला बघायला लाखाहून जास्त लोक जमले होते. मिचेल फील्डवर मोजकी माणसं होती. म्हणूनच शाळेत हे नाव घेतलं की मुलं एकमेकांकडे बघतात. मग मी पिशवीतून एक जुना, बाद झालेला जायरो काढतो, चाकाला दोरी गुंडाळून जोरात ओढतो आणि चौकट पहिल्या बाकावरच्या मुलाच्या हातात देतो. तो मनगट वाकवू बघतो, आणि चाक त्याला वाकवू देत नाही.