शालेय समुपदेशक होताना: भोपाळची पदविका आणि नंतरचे शनिवार

शाळेत समुपदेशक व्हायला नेमकं काय शिकावं लागतं, हे दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी मला विचारतं. बहुतेक जणी शिक्षिका असतात. वर्गातल्या मुलांचं काहीतरी बिनसलंय हे त्यांना दिसत असतं, आणि नुसतं शिकवून भागत नाही हे कळून चुकलेलं असतं. त्यांना एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण डॉक्टर-वकिलांना जशी नोंदणी लागते तसा शालेय समुपदेशकाचा एकच एक परवाना आपल्याकडे नाही. म्हणून मी कशी गेले तेच सांगते.

मी बी.एड. करून पुण्यातल्या एका मराठी शाळेत शिकवत होते आणि इग्नू या मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. केलं होतं. तो रस्ता आता बंद झाला आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याच्या कक्षेत मानसशास्त्र येतं, म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या विषयाचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवायला सांगितलं. घर, नोकरी सांभाळून शिकणाऱ्या बायकांची यात अडचण झाली, हे मला दिसतं. पण माणसांशी बोलायचं काम माणसांसमोर बसूनच शिकावं, हेही मला पटतं.

एम.ए. हातात असूनही मुलांशी बोलायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून एनसीईआरटीची मार्गदर्शन आणि समुपदेशनाची पदविका करायचं ठरवलं. ती वर्षभराची आहे. पहिले सहा महिने घरून अभ्यास, मग तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि शेवटचे तीन महिने आपल्याच गावी इंटर्नशिप. महाराष्ट्र एनसीईआरटीच्याच भोपाळमधल्या प्रादेशिक शिक्षण संस्थेकडे येतो. नोकरीतल्या शिक्षकांसाठी हा अभ्यासक्रम खरोखर चांगला आहे आणि मराठी शाळांमध्ये त्याची माहिती फार कमी जणांना असते, म्हणून मुद्दाम लिहिते.

खरी अडचण मधल्या तीन महिन्यांची. शाळा चालवणाऱ्या संस्थेचं ना हरकत पत्र, रजा, त्यातली काही बिनपगारी, आणि घरात दहावीतली मुलगी. सासूबाई म्हणाल्या, "तू जा गं, आम्ही बघतो." आमच्या मोठ्या बाईंनी माझे तास तिघींमध्ये वाटून दिले. त्या दोघींमुळे मी झेलम एक्सप्रेसमध्ये बसू शकले.

भोपाळच्या श्यामला हिल्सवरचे ते महिने भरगच्च होते. समुपदेशनाची प्रक्रिया, चाचण्या, करिअरची माहिती, संख्याशास्त्रसुद्धा. पण सगळ्यात जास्त शिकवलं ते एकमेकींसमोर बसून केलेल्या सरावानं. एकीने विद्यार्थी व्हायचं, दुसरीने समुपदेशक, बाकीच्यांनी बघायचं. वर्गात वर्षानुवर्षं उभं राहून बोलायची सवय लागलेल्या शिक्षकाला सल्ला न देता दहा मिनिटं ऐकणं किती जड जातं, हे तिथे सगळ्यांच्याच लक्षात आलं.

परत आल्यावर एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मुलाखतीला गेले. पहिलाच प्रश्न, "आरसीआय नंबर आहे का?" भारतीय पुनर्वास परिषदेची ही नोंदणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक अशांना लागते आणि ठरावीक वर्षांनी प्रशिक्षणाचे गुण दाखवून तिचं नूतनीकरण करावं लागतं. शाळेत समुपदेशन करायला ती सक्तीची नाही. पण निदान करणं हे आपलं काम नाही, ही मर्यादा मात्र त्यातून स्पष्ट होते. अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन-लेखन-गणितातल्या विशिष्ट अडचणीची, शंका आली तर मी पालकांना समजावते आणि पुढे पाठवते. बोर्डाच्या सवलतींसाठी लागणारं प्रमाणपत्र सरकारने ठरवलेल्या रुग्णालयांतूनच मिळतं.

अखेर मी माझ्याच शाळेत राहिले. मोठ्या बाईंनी ग्रंथालयामागची खोली, एक टेबल आणि कुलूप असलेलं कपाट दिलं. सुरुवातीला शिक्षक मुलांना समज द्यायला म्हणून पाठवायचे. "बाई, याला जरा दम भरा." मी मुलांना मला ताई म्हणायला सांगितलं, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडेच राहील हे संस्थेकडून लेखी घेतलं. जूनमधल्या पालकसभेत मी आधीच सांगते, की मूल माझ्याशी जे बोलेल ते माझ्यापाशी राहील, फक्त त्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर, आणि लैंगिक अत्याचाराची बाब असेल तर, नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि कळवलं नाही तर शिक्षा आहे. मुलांनाही पहिल्याच भेटीत हे त्यांच्या भाषेत सांगते. आधी गुपिताचं वचन द्यायचं आणि मग मोडायचं, हे मुलाच्या बाबतीत होता कामा नये.

एवढं सगळं झालं तरी खरं शिक्षण त्यानंतर सुरू झालं, आणि ते मागायला कुणीच सांगत नाही. ते म्हणजे सुपरव्हिजन, आपलं काम अनुभवी माणसापुढे नियमित मांडून तपासून घेणं. चिकित्सा मानसशास्त्रात वर्षानुवर्षं काम केलेल्या एका मॅडमकडे मी जाऊ लागले. त्या वर्बेटिम मागतात, म्हणजे भेटीतला संवाद जसाच्या तसा, आठवेल तितका लिहून, मुलाची ओळख पटेल असं सगळं काढून.

असाच एक आठवीतला मुलगा, तपशील बदलून सांगते. मी विचारलं होतं, "घरी कोण कोण असतं?" तो म्हणाला, "आई. आजी." त्याखाली मी नुसतं "शांतता" असं लिहिलं होतं. मॅडमनी पेन्सिल तिथेच टेकवली. "किती वेळ? तो कुठे बघत होता? तुझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं?" अर्धा तास आम्ही त्या एका ओळीवर होतो. पुढच्या भेटीत पुन्हा तसाच तो गप्प झाला, तेव्हा मी त्याच्याबरोबर गप्प बसले. बऱ्याच वेळानं त्यानं वडिलांचं सांगितलं. कुठल्याही पुस्तकातून मला ते अर्ध्या तासाचं काम मिळालं नसतं.

सुपरव्हिजनची फी मी सुरुवातीला पदरमोड करून भरली. नंतर व्यवस्थापनाला पत्र लिहिलं, की गणिताच्या शिक्षकांना जसं प्रशिक्षणाला पाठवता तसंच हे आहे. आता महिन्यातल्या एका शनिवारची अर्धी सुट्टी आणि अर्धी फी शाळा देते.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूबाबतच्या सुकदेब साहा प्रकरणात सांगितलं, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. मला याचा फार आनंद झाला. पण दोन दिवसांची कार्यशाळा आणि भिंतीवर लावायचं प्रमाणपत्र एवढ्यावर नेमणुका उरकल्या जातील, ही भीतीही वाटते. नव्याने नेमणूक होणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की पगाराच्या बोलण्यातच सुपरव्हिजनचा वेळ आणि खर्च मागून घ्या. नंतर तो मिळवणं कठीण जातं.

कोथरूडला आम्ही काही शालेय समुपदेशक महिन्यातून एकदा जमतो. निकालाच्या आधी आत्महत्येच्या धोक्याची लक्षणं आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक यांची उजळणी करतो, अकरावीच्या प्रवेशाचे बदललेले नियम वाचतो, कधी वकील बाईंना पॉक्सोवर बोलवतो. कुणी किती तास काय शिकलं याची वही ठेवतो आणि त्यावर एकमेकींच्या सह्या घेतो. उद्या नोंदणी आलीच तर ती वही कामी येईल. यायचं असेल तर या. एक वर्बेटिम लिहून आणायचं, नावगाव काढून, आणि मधल्या शांततांसकट.