९७ सारस : सेंदाईच्या तानाबाताची कामनोंद

मे, दुसरा आठवडा

जपानमधल्या सेंदाई शहरातल्या ज्या दिवसकेंद्रात मी दर गुरुवारी ज्येष्ठांसोबत तासभर कागदकाम करते, तिथे यंदा तानाबाता या ताऱ्यांच्या सणासाठी सातही पारंपरिक सजावटी करायचे ठरले आहे. देशात बऱ्याच ठिकाणी हा सण ७ जुलैला होतो. पण १८७३ मध्ये नवी दिनदर्शिका लागू झाल्यावर ही तारीख ऐन पावसाळ्यात जाऊन पडली आणि ज्या दोन ताऱ्यांच्या भेटीसाठी हा सण, ती ओरिहिमे म्हणजे आपला अभिजित आणि हिकोबोशी म्हणजे आपला श्रवण, ढगांआड जाऊ लागली. सेंदाईने महिनाभर पुढे सरकून ६ ते ८ ऑगस्ट हे दिवस धरले आहेत, त्यामुळे आमच्या हाताशी जवळपास तीन महिने आहेत.

गटात नऊ जण असून सर्वांत ज्येष्ठ बाई ९७ वर्षांच्या आहेत. केंद्रात प्रत्येकाला आडनावापुढे ‘सान’ लावूनच हाक मारायची शिस्त आहे आणि ‘आजी’ म्हणणे तिथे अनादराचे मानले जाते. इथे मराठीत लिहिताना मात्र मी आजी-आजोबाच लिहिणार आहे, कारण दुसरा शब्द लेखणीतून उतरत नाही.

मे, तिसरा आठवडा

पहिलीच खेप फसली आणि ती माझ्यामुळेच फसली. वेळ वाचावा म्हणून मी रविवारी घरी बसून सगळे तुकडे कापून, घड्या घालून, चिकटवण्याच्या खुणा करून नेले होते आणि गटासाठी काम उरले ते फक्त खळ लावण्याचे. वीस मिनिटांत सगळे संपले. एका आजोबांनी अतिशय नम्रपणे विचारले, की आता पुढे काय करायचे. ज्यांनी चाळीस वर्षे सुतारकाम केले, त्यांच्यापुढे मी बालवाडीचा तक्ता ठेवला होता. अशा केंद्रांमधल्या कागदकामात गोल डोळ्यांची हसरी चित्रे फार बोकाळली आहेत, असे माझे जुने मत आहे, आणि त्या दिवशी मीही त्याच वाटेने गेले होते.

मे अखेर ते जून मध्य : सारस

सेंदाईत जुनी रीत अशी, की घरातल्या सर्वांत वयस्क माणसाचे जितके वय, तितके कागदी सारस दुमडायचे. ओरिझुरु म्हणजे दुमडलेला सारस, दीर्घायुष्याचे चिन्ह. म्हणून आमचे लक्ष्य ९७.

कागदाच्या मापावर मी तीन गुरुवार घालवले. नेहमीचा १५ सेंटिमीटरचा चौरस थरथरत्या बोटांना लहान पडतो, हे अपेक्षित होते. पण २४ सेंटिमीटरचा कागद अधिक सोपा ठरेल हा माझा अंदाज चुकला, कारण मोठ्या कागदाची घडी दाबत नेताना हात लांबवर फिरवावा लागतो आणि खांदा आखडलेल्या माणसाला तेच जड जाते. १८ सेंटिमीटरच्या आसपासचे माप सर्वांना मानवले. ज्या टप्प्यावर एक पाकळी वर उचलून दोन्ही कडा आत पाडायच्या असतात, तिथे चार जण अडकत होते. त्यांच्यासाठी मी त्या रेषा आधी एकदा दुमडून पुन्हा उघडलेला कागद देते, म्हणजे खूण माझी असते पण घडी त्यांची.

एक आजी पाच मिनिटांपूर्वीचे विसरतात. त्यांना मी पायरीपायरीने सांगत होते आणि दर वेळी तिसऱ्या पायरीवर त्या थांबून माझ्याकडे पाहत होत्या. एका गुरुवारी मी दुसऱ्या टेबलावर गुंतले असताना त्यांनी एकटीने चार सारस पुरे केले. लहानपणापासून सवयीची झालेली घडी बोटांना आठवते, शब्दांत मात्र ती सापडत नाही. तेव्हापासून त्यांच्यापुढे नुसता कागद ठेवते आणि गप्प बसते.

जून, शेवटचा आठवडा : कागदी किमोनो

कामिगोरोमो म्हणजे कागदाचा छोटा किमोनो, शिवणकलेत प्रगती व्हावी आणि आजारपण टळावे यासाठी. नमुना म्हणून मी दोन सुंदर किमोनो करून नेले. एका आजींनी, ज्यांनी तरुणपणी किमोनो शिवून संसार चालवला, ते हातात घेतले, हसल्या आणि माझ्यापुढे सरकवले. मी गळपट्टी उलटी दुमडली होती. नेसणाऱ्याची डावी बाजू उजवीवर यायला हवी. उजवी बाजू वर येते ती फक्त मृताला नेसवताना. आजी म्हणाल्या, “मला अजून निघायचे नाही.” सगळे टेबल हसले, मी मात्र कानापर्यंत लाल झाले. समोरून पाहताना दिशा उलटी दिसते, म्हणून आता मी नमुना स्वतःच्या छातीवर धरून तपासते. ही खूण नवख्यांनी जरूर लक्षात ठेवावी.

जुलै : जाळे आणि वळलेली दोरी

किंचाकु हा बटवा काटकसर आणि बरकतीसाठी असतो. तो एका तासात उरकला आणि त्यात सांगण्यासारखे काही नाही. तोआमि, म्हणजे भरघोस मासळी मिळावी म्हणून लावायचे कागदी जाळे, मात्र तीन आठवडे खाऊन गेले. कागद पट्टीसारखा दुमडून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून चिरा द्यायच्या आणि शेवटचा सेंटिमीटरभर भाग अखंड ठेवायचा. उलगडून हलके ओढले की जाळे लांबते. आपल्याकडे आकाशकंदिलासाठी पतंगी कागदाची जाळी कापलेल्यांना हे नवे नाही. आठ पदर एकत्र कापताना दुखऱ्या अंगठ्यांना जोर पुरत नव्हता, म्हणून चारच पदर ठेवले आणि चिरांमधले अंतर दीड सेंटिमीटर केले. जाळे जाडसर दिसते, पण फाटत नाही.

तांझाकु या इच्छापत्रिका बांधण्यासाठी मी बाजारातला दोरा आणला होता. ९७ वर्षांच्या आजींनी तो बाजूला सारून कोयोरि मागितली. कोयोरि म्हणजे हातकागदाची अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी ओल्या बोटांनी कोपऱ्यापासून तिरकी वळत नेऊन केलेली दोरी. माझ्या आजीच्या हाताखाली मी लहानपणी समईच्या वाती वळल्या आहेत, त्यामुळे हे जमेल असे वाटले. पण माझ्या दोऱ्या सैल होऊन उलगडत राहिल्या. पहिला दोष कागदाचा होता. यंत्रावरच्या कागदाचे तंतू आखूड असल्याने तो पीळ धरत नाही. कोझो या तुतीवर्गीय झाडाच्या सालीचे तंतू लांब असतात आणि त्याचा हातकागदच लागतो. दुसरा दोष माझ्या हाताचा. ज्येष्ठांच्या बोटांची टोके वयाने कोरडी पडतात म्हणून प्रत्येकापुढे ओल्या रुमालाची घडी ठेवली आणि आजींनी एका तासात तीस दोऱ्या वळल्या. माझ्या सहा झाल्या, त्यांपैकी दोन त्यांनी नापसंत केल्या.

ऑगस्टचा पहिला आठवडा

फुकिनागाशि, म्हणजे ओरिहिमेच्या विणकामाच्या धाग्यांची आठवण देणाऱ्या लांब शेपट्या, आम्ही पाच रंगांत केल्या. इथल्या बाजारपेठेत दहा मीटरहून लांब वेळूंवर जे भव्य झुंबर टांगतात, त्याच्या माथ्यावरचा फुलांचा गोळा, कुसुदामा, यंदा सोडून दिला. तो एका गुरुवारच्या आवाक्यातला नाही. सगळ्या सजावटी टांगायची वेळूची फांदी मात्र ५ तारखेलाच आणवली, कारण पंख्याखाली तिची पाने दीड दिवसात सुरळीसारखी वळतात.

सातवी सजावट कुझुकागो, कचऱ्याची कागदी टोपली. इतर सहा करताना उरलेले कपटे तिच्यात भरायचे असतात. मे महिन्यापासूनचे कपटे मी डब्यात जपले होते, आणि पाहते तो त्यात उलट्या गळपट्टीचे दोन किमोनोही कुणीतरी टाकलेले होते. टोपली सर्वांत खालच्या फांदीला बांधली, कोयोरिनेच. सारस मोजले तर ९८ निघाले. आजींचा वाढदिवस सप्टेंबरात आहे, म्हणून जास्तीचा उतरवायचा नाही असे त्यांनीच ठरवले.