पातेल्यात पास, रस्त्यावर नापास

गाडी गरम होते म्हणून येणारी माणसं रोजची आहेत. गरमच होत नाही म्हणून कुणी येत नाही, आणि ही गाडीपण तशी आलेली नव्हती. दोन सिलिंडरची लिक्विड कूल्ड मोटरसायकल, तक्रार अ‍ॅव्हरेज पडल्याची आणि स्टार्ट केल्यावर आयडलिंग बराच वेळ वरच राहतं याची. आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, एकाने तर ऑक्सिजन सेन्सरसुद्धा नवा टाकला. फरक शून्य. स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड दाखवणाऱ्या यंत्रावर, एकही कोड नाही, आणि कोड नाही म्हणजे फॉल्ट नाही असं मानणारी एक पिढीच आता तयार झालीय त्यामुळे पुढे कुणी बघितलंच नसावं.

मी प्लग काढले तर दोन्ही काळे, कोरडी काजळी. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून पिवळट दुधाळ चिकटा, आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास. तो चिकटा बघून आमचा पोरगा लगेच म्हणाला, उस्ताद हेड गॅस्केट गेलं. ते गेलं की कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये उतरतं. म्हटलं आधी कुलंट बघ, लेव्हल जागच्या जागी आहे, मग हे पाणी आलं कुठून? एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, हे अर्ध्या लोकांना खरं वाटत नाही, पण होतं. बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये, ऑइल असतं तिथे, उतरतं. इंजिन नीट तापलं तर तेही उडून जातं, नाही तापलं तर ऑइलमध्येच बसतं.

मग मालकांना विचारलं, मीटरवर टेंपरेचरच्या काड्या किती येतात हो? ते एकदम खुश होऊन म्हणाले, "दादा, ती काळजीच नाही, एकदम थंड राहते, हायवेला तर दोन काड्यांच्या वर जात नाही."

इथे माझं डोकं सरकतं. थंड म्हणजे चांगलं हे कुणी शिकवलंय लोकांना कुणास ठाऊक. इंजिन थंड आहे असं सेन्सरने सांगितलं की ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, पेट्रोल जास्त सोडतो, आयडलिंग वर ठेवतो, पूर्वी आपण चोक ओढायचो तेच काम. म्हणजे हे गृहस्थ चोक ओढून हायवे मारत होते आणि अ‍ॅव्हरेज कुठे गेलं म्हणून विचारत होते.

पण सेन्सर खोटं बोलत नाही ना हे आधी बघायला लागतं. स्कॅनरचा आकडा लाइव्ह लावला आणि इंजिनच्या बाजूने इन्फ्रारेड गन धरली. ही गन चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर धरली की बरंच कमी दाखवते, कितीतरी लोक तसंच मोजतात आणि सेन्सर बदलून मोकळे होतात. हाउसिंगवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवायचा आणि त्याच्यावर मोजायचं. मोजलं तर दोन्ही आकडे जवळपास सारखे, सेन्सर खरा. फॅन बंद होता, म्हणजे रिले चिकटून सतत फिरतोय असंही नाही.

आणि मग गंमत अशी की गॅरेजमध्ये उभी ठेवून चालवली तर गाडी तापली! जरा वेळ जास्त घेतला, पण ८५ अंशांच्या पुढे गेली, वर जाऊन फॅनपण लागला. आधीच्या दोघांनी इथपर्यंत बघितलं असेल तर त्यांना दोष देता येत नाही. पण होजला हात लावला होता का त्यांनी? गार इंजिन चालू केल्यावर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कुलंटची रेडिएटरकडची वाट अडवून ठेवणारा व्हॉल्व, बंद असतो, तोपर्यंत रेडिएटरकडे जाणारा होज गारच राहिला पाहिजे, आणि थर्मोस्टॅट उघडला की एकदम चटका बसतो. इथे पहिल्यापासूनच होज कोमट, हळूहळू गरम. एकदम असं काही झालंच नाही.

रस्त्यावर काढली. ८० च्या स्पीडला टेंपरेचरचा आकडा खाली यायला लागला, ७०, ६५, शेवटी ६० च्या आसपास टेकला, सिग्नलला थांबलो की परत वर. रेडिएटरपुढे पुठ्ठा बांधून तोच रस्ता परत मारला तर ८० च्या वर टिकली (पुठ्ठा फक्त टेस्टपुरता, तोही आकड्यावर नजर ठेवून). म्हणजे कुलंट नको तेव्हा रेडिएटरमधून फिरतंय. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, विषय संपला, असं कुणालाही वाटेल.

काढला तर नवाकोरा. व्हॉल्व बंद, उजेडात धरला तर कुठे फट नाही. पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याला टांगलेला, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर. वर ८२ छापलेलं, ८२ लाच हलला, पुढे छान उघडला, गार झाल्यावर परत बंद. पोरगा माझ्याकडे बघतोय, मी पातेल्याकडे.

मग थर्मोस्टॅट सोडून हाउसिंगकडे बघितलं. थर्मोस्टॅटच्या कडेला गोल खाच असलेलं एक रबर असतं, ते नव्हतंच. तसाच नुसता बसवलेला, बोटाने हलवला तर खुळखुळ वाजत होता. बाहेरच्या झाकणाची ओ-रिंग वेगळी आणि ती चांगली, म्हणून बाहेर एक थेंब लीक नाही. दाराला कुलूप पक्कं आणि चौकटच भिंतीपासून सुटलेली. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, घातला तर सगळीकडून ०.२० मिलिमीटरची पाती आत जाते. ०.२० म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण कडेचा व्यास ४४ मिलिमीटर, गोल फिरून १३८, गुणिले ०.२, म्हणजे ६ मिलिमीटरच्या भोकाइतकी वाट झाली. हवा निघायला थर्मोस्टॅटला मुद्दाम जे भोक ठेवतात ते याच्यापुढे कुठेच नाही.

थर्मोस्टॅट तोच ठेवला, रबर नवं घातलं, हवेचं भोक वरच्या बाजूला करून बसवला, कुलंट भरून होज दाबत दाबत हवा काढली, ऑइल आणि फिल्टर बदलले. आता हायवेला ८० च्या खाली येत नाही. दोन दिवसांनी मालकांचा फोन, "दादा, आता चार काड्या येतात, हीट तर होत नाही ना?" त्यांना परत सगळं समजावलं, पटलं की नाही माहीत नाही.

नंतर विचारल्यावर कळलं की मागे एकदा ट्रॅफिकमध्ये गाडी तापली होती, फॅनचा रिले गेला होता, तो बदलताना "हातासरशी" थर्मोस्टॅटपण नवा टाकला एका गॅरेजने. जुन्याच्या कडेला रबर चिकटून गेलं असणार, किंवा नव्याबरोबर आलंच नसेल, काही ठिकाणी ते वेगळं मागवायला लागतं. जुना मागितला तर म्हणे तिथेच फेकून दिला. माझा अंदाज, जुन्यात काही बिघाड नसणारच. आणि ज्याने नवा बसवला त्यानेही तो आधी पातेल्यात उकळून बघितला असेल तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही.