क्लाउड चेंबर: उणे 31 अंश, पहिले माग आणि बदललेला चुंबकाचा बेत

क्लाउड चेंबर म्हणजे अल्कोहोलच्या वाफेत अदृश्य कणांचे माग दाखवणारी पेटी. अखेर माझ्या पेटीच्या तळाची तांब्याची पट्टी उणे 31 अंश सेल्सियसपर्यंत उतरली आणि नुसत्या धुक्याच्या जागी कणांचे स्पष्ट माग दिसू लागले. मागील नोंदीच्या वेळी ती उणे 18 च्या खाली जात नव्हती. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे तुषार पडत होते, परंतु तळालगतचा अतिसंपृक्त थर (मावेल त्याहून जास्त वाफ असलेला, ज्यात माग उमटतात) काही केल्या तयार होत नव्हता.

अडचणीचे मूळ पेल्टियरच्या (वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणाऱ्या घटकाच्या) गरम बाजूला होते. एकावर एक ठेवलेल्या 12706 या प्रकारच्या दोन पेल्टियरपैकी खालच्याला पट्टीची उष्णता तर बाहेर टाकावी लागतेच, शिवाय वरच्यात खर्च होणारी वीजही उष्णता होऊन त्याच्याच माथी येते; त्यामुळे दोघांना 12 व्होल्ट दिले की खालच्याला तो भार पेलवत नाही. वरच्याला 5 व्होल्टवर आणताच पारा उतरू लागला, पण पंख्याच्या हीटसिंकवर तो उणे 24 पाशी अडला. वॉटर ब्लॉकमधून बर्फाचे पाणी फिरवल्यावरच पुढची मजल गाठता आली. पेल्टियर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तपासून घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे; एका ऑनलाइन विक्रेत्याने पाठवलेले नग तेवढ्याच व्होल्टेजला निम्माच प्रवाह घेत होते.

लाल टोकाचा थोरिएटेड टंगस्टन रॉड (किरणोत्सारी थोरियम मिसळलेला, वेल्डिंगचा) आत ठेवला (तो घासू नये, त्याची धूळ श्वासात जाणे घातक आहे) आणि टोकापासून जाड, आखूड, सरळ पांढरे पट्टे फुटू लागले. ते अल्फा कण: दोन धन प्रभार आणि इलेक्ट्रॉनच्या सुमारे 7300 पट वस्तुमान, म्हणून वाटेत दाट आयनीभवन होते आणि दिशा सहसा ढळत नाही. हलका इलेक्ट्रॉन मात्र रेणूंवर आपटत, वळणे घेत बारीक धागा सोडतो. अधूनमधून रॉडशी संबंध नसलेली सरळ, बारीक रेघ पट्टीभर उमटते. ती बहुधा म्यूऑनची, म्हणजे वैश्विक किरणांतून येणाऱ्या कणाची, जो इलेक्ट्रॉनच्या सुमारे 207 पट जड असतो. ती रेघ पाहताना मन अक्षरशः भरून येते.

चुंबकाने म्यूऑन वळवून दाखवण्याचा बेत होता, परंतु हिशेब वेगळेच सांगतो. 0.1 टेस्ला क्षेत्रात 1 जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) संवेगाच्या म्यूऑनच्या वळणाची त्रिज्या सुमारे 33 मीटर येते, म्हणजे 10 सेंटीमीटरच्या पट्टीवर ते वळण दिसणारच नाही. त्याच क्षेत्रात 1 एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची त्रिज्या जेमतेम 5 सेंटीमीटर भरते. तेव्हा आता इलेक्ट्रॉनच वळवायचे. कार्ल अँडरसन यांनी 1932 मध्ये पॉझिट्रॉन (धन प्रभाराचा इलेक्ट्रॉन) ओळखला तोही मागाच्या वळणावरूनच.

हे लिहितानाच सुचले की, चुंबक पट्टीखाली बसवण्याऐवजी निओडिमियमची पातळ चकती थंड पट्टीवरच ठेवावी; ती स्वतः गार होईल, थर तिच्या पृष्ठभागावर तयार होईल आणि उभ्या क्षेत्रामुळे वळण वरून दिसेल. आधी हॉल सेन्सरने (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या सेन्सरने) चकतीच्या 3 मिलीमीटर वर क्षेत्र मोजतो, ते 0.1 टेस्लापेक्षा कमी भरले, तर दोन चकत्या एकमेकींवर ठेवाव्या लागतील.