एकाच खोलीत चार विंडोज सेव्हन

३० मार्च २०१०, मंगळवार. तारीख पक्की लक्षात आहे कारण त्या दिवशी हनुमान जयंती होती आणि दुसऱ्या दिवशी मार्चएंड. पतसंस्थांची कॉम्प्युटर मेंटेनन्सची कामं घेणाऱ्या माणसाला मार्चचे शेवटचे दोन दिवस म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. सकाळी साडेआठला कॅशियर काकूंचा फोन, "दादा, नवीन कॉम्प्युटरवर आपलं सॉफ्टवेअर उघडतच नाहीये, कसलंतरी इंग्रजीत येतंय, तुम्ही आधी या बघू."

मी विचारलं कुठल्या मशीनवर. तर म्हणाल्या, "माझ्याकडं पण आणि कर्जाच्या टेबलावर पण. पण दोन्हीकडं वेगवेगळं येतंय."

वेगवेगळं येतंय म्हणल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. कारण महिन्यापूर्वी मॅनेजर साहेबांनी मला फोनवर विचारलं होतं, नवीन मशीन घेतोय, त्यावर विंडोज सेव्हन येतंय, आपलं सॉफ्टवेअर चालेल ना? आणि मी चालेल म्हणून सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते, माझ्या मशीनवर मी चालवून बघितलं होतं. पण सेव्हन ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन प्रकारांत यायचं, माझं ३२ बिट होतं, आणि कुठलं एडिशन, किती बिट हा प्रश्न मी साहेबांना उलटा विचारला नाही. तो विचारायला पाहिजे होता.

पोचलो तर चौकातल्या मारुतीच्या देवळात जन्मकाळाचं कीर्तन नुकतंच संपलेलं, स्पीकर चालू, रस्त्यावर प्रसादाची गर्दी. संस्थेचं शटर उघडलेलं. आत बघतो तर जुनी सगळी मशीन गायब. डीलरने सोमवारी संध्याकाळी नवीन लावली आणि बायबॅकमध्ये जुनी विंडोज एक्सपीची पाच मशीन टेम्पोत घालून घेऊन गेला. राहिलं होतं फक्त कोपऱ्यातलं सर्व्हरचं मशीन, ज्याच्यावर सगळा डेटा, ते एक्सपीच होतं आणि व्यवस्थित चालू होतं. देवाची कृपा म्हणायची. पण पाच टेबलांचं मार्चएंडचं काम एका मशीनवर होत नसतं.

सॉफ्टवेअरबद्दल सांगतो. १९९५ साली जिल्ह्याच्या गावच्या एका गृहस्थांनी क्लिपर या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं, विंडोजच्या आधीच्या डॉस सिस्टिमचं. निळा स्क्रीन, पांढरी अक्षरं, खातेदारांची नावं इंग्रजी कॅपिटलमध्ये. किर्द, खतावणी, तेरीज (जमा-नावेचा ताळा), पिग्मी, कर्ज, व्याजाची आकारणी सगळं त्यात. काकूंची बोटं त्यावर माऊसशिवाय अशी पळतात की बघत राहावं. जुनं आहे म्हणून नावं ठेवणारे खूप भेटले पण पंधरा वर्षांत त्यात एक पैशाचा फरक निघालेला नाही, माझ्या लेखी ही साधी गोष्ट नाही.

आधी मी कागद घेतला आणि प्रत्येक मशीनवर काय आहे ते लिहून काढलं. कॅश आणि सेव्हिंगच्या काउंटरवर होम बेसिक, ३२ बिट. कर्ज आणि अकाउंट्सच्या टेबलावर होम प्रीमियम, ६४ बिट, कारण डीलरच्या मते मोठ्या टेबलांना भारी विंडोज द्यायचं. साहेबांच्या लॅपटॉपला प्रोफेशनल, तेही ६४ बिट. एकाच बिलावर तीन प्रकार, जो माल शिल्लक होता तो दिलेला. बिलावर मात्र सगळ्यांपुढे नुसतं विंडोज सेव्हन एवढंच.

काकूंच्या मशीनवरचा एरर सोपा होता. ही सिस्टिम फुलस्क्रीन मोडला सपोर्ट करत नाही, एवढंच म्हणणं होतं त्याचं. डॉसचा प्रोग्रॅम पूर्ण स्क्रीनवर दाखवणं सेव्हनच्या आधीच्या विंडोज व्हिस्टापासूनच्या नव्या डिस्प्ले ड्रायव्हरमध्ये बंद झालंय, विंडोमध्ये चालतो. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीमध्ये फुलस्क्रीनच्या जागी विंडो केलं, लॉगिन आलं. पण मेनूतून खतावणीत शिरल्यावर धाडकन बंद, डॉस एरर ४. म्हणजे एका वेळी जेवढ्या फाईल उघडायची परवानगी आहे त्यापेक्षा जास्त मागतोय. हे प्रोग्रॅम एका खात्यासाठी डेटाच्या आणि इंडेक्सच्या मिळून पन्नास साठ फाईल उघडून बसतात. जुन्या मशीनला ही सेटिंग कधीकाळी कुणीतरी केलेली होती, ती मशीनबरोबरच टेम्पोत गेली. सिस्टिम ३२ फोल्डरमधली कॉन्फिग डॉट एनटी उघडून फाईल्सचा आकडा ४० चा १५० केला. त्यात पण एक गंमत, नोटपॅड नेहमीसारखं उघडलं तर सेव्हच करू देत नाही, राईट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करावं लागतं.

तरी एरर तोच. मग मी ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या गृहस्थांनाच फोन लावला. त्यांनी हे काम सोडून दहा वर्षं झाली असतील. नाव सांगितल्यावर दोन सेकंद काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "अजून चालू आहे ते?" मी म्हणलं, "चालू आहे सर, आणि उद्या मार्चएंड आहे." मग लगेच कामावर आले. "ऑटोएक्झेक डॉट एनटी उघडा, त्यात लिहा सेट क्लिपर इज इक्वल टू एफ कोलन १२०. नुसतं विंडोजला सांगून भागत नाही, क्लिपरला पण सांगावं लागतं." लिहिलं, चालू केलं, खतावणी उघडली. ६४ बिटचं विचारलं तर सरळ म्हणाले, "तिथं वेळ घालवू नका. हा १६ बिटचा प्रोग्रॅम आहे, त्याला बसायला तिथं जागाच नाही." आणि फोन ठेवताना, "झालं की कळवा मला."

काकूंची तक्रार राहिली होती, अक्षर बारीक दिसतंय. चाळीसेक वर्षाच्या माणसाला चाललं असतं पण काकू रिटायरमेंटला आलेल्या, चष्मा कपाळावर नेऊन स्क्रीनला नाक लावून बघत होत्या. फॉन्टमध्ये १० बाय १८ निवडलं, विंडो वाढली, त्या म्हणाल्या, "हां, आता माझं वाटतंय." सेव्हिंगच्या मशीनला तेच सगळं. साडेदहा वाजले, दोन काउंटर चालू, बाहेर लाईन लागलेली.

आता खरी अडचण. होम प्रीमियमवर मेसेज वेगळाच, की ही फाईल तुमच्या विंडोजच्या व्हर्जनशी जुळत नाही, ३२ बिट आहे का ६४ ते बघा आणि सॉफ्टवेअरवाल्याला विचारा. इथं सेटिंगचा प्रश्नच येत नाही. ३२ बिट विंडोजच्या पोटात डॉस चालवणारा एक भाग असतो, एनटीव्हीडीएम म्हणतात त्याला, तो प्रोसेसरच्या एका जुन्या मोडवर चालतो आणि प्रोसेसर ६४ बिटमध्ये गेला की तो मोडच मिळत नाही, म्हणून ६४ बिट विंडोजमध्ये तो भाग ठेवलेलाच नाही. कॉन्फिग डॉट एनटी शोधायला गेलात तर ती फाईलसुद्धा नसते तिथं.

हे साहेबांना समजावता समजावता सेक्रेटरी आले, काखेत त्यांचा छोटा नेटबुक. त्याला सेव्हनचंच स्टार्टर एडिशन, सगळ्यात स्वस्त, १ जीबी रॅम, ज्यात साधा वॉलपेपर पण बदलता येत नाही. मी म्हणलं जरा द्या बघू. नेटवर्कला लावला, शॉर्टकट टाकला, त्या दोन फाईल दुरुस्त केल्या आणि सॉफ्टवेअर त्या एवढ्याशा स्क्रीनवर झटक्यात उघडलं. साहेब बघतच राहिले. "म्हणजे स्वस्तातल्यावर चालतंय आणि भारीतल्यावर नाही?" मी म्हणलं साहेब, स्वस्त आणि भारी हा हिशोबच इथं नाही, स्टार्टर फक्त ३२ बिटमध्येच येतं म्हणून चालतंय. त्यावेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी महिनाभर आधी फोनवर बोलायला हवं होतं. नेटबुक सेक्रेटरींनी स्वतःहून कर्जाच्या टेबलावर ठेवला, "आजचा दिवस वापरा" म्हणाले.

माझ्याबरोबर जो पोरगा होता तो हुशार, त्याने तेवढ्यात अकाउंट्सच्या ६४ बिटवर डॉसबॉक्स टाकलं, डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम. आणि उघडलं हो! निळा स्क्रीन पूर्ण आला, फुलस्क्रीनसकट. सगळे खूष, अकाउंटंट तर एंट्रीच करायला बसले. मी म्हणलं थांबा, एक मिनिट. काकूंना एक खातं उघडून एडिटमध्ये ठेवायला सांगितलं आणि तेच खातं इकडे उघडलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा वेळी दुसऱ्या मशीनवर खाली लाल पट्टी येते, रेकॉर्ड दुसरीकडे वापरात आहे म्हणून. पट्टी आली नाही. इकडे पण खातं खुशाल उघडलं. म्हणजे दोघांनी एकाच खात्यावर एकाच वेळी रक्कम टाकली असती आणि एकाची गेली असती, आणि कुणाला कळलंसुद्धा नसतं, तेरीज जुळेपर्यंत. डॉसबॉक्स हे गेमसाठी बनवलेलं आहे, गेमसाठी फार सुंदर आहे, पण रेकॉर्ड लॉक करणं त्याच्यात नाही. लोकांच्या पैशाचा हिशोब त्याच्यावर ठेवायची माझी तयारी नाही. पोराचं तोंड पडलं पण मी ते लगेच काढायला लावलं, आणि लॉक कसं तपासायचं ते त्याला तिथंच उभं राहून दाखवलं.

साहेब म्हणाले वाचलंय मी, सेव्हनमध्ये एक्सपी मोड असतो. असतो, म्हणजे सेव्हनच्या आतच जुनं एक्सपी चालवायची सोय, पण होम प्रीमियमला नाही. प्रोफेशनल, अल्टिमेट आणि कंपन्यांसाठीच्या एंटरप्राईजला आहे. म्हणजे फक्त त्यांच्या लॅपटॉपला. त्यांना रिपोर्टच बघायचे होते म्हणून ते डाउनलोडला लावून टाकलं, पाचेकशे एमबी, आमच्या ब्रॉडबँडवर चार तासाच्या वर दाखवत होतं.

राहिली दोन होम प्रीमियमची मशीन. मी काकूंना विचारलं, मशीनबरोबर काय काय दिलंय डीलरने? त्यांनी तिजोरीच्या खोलीतून पुठ्ठ्याचे खोके आणले, त्यात बिलं, मदरबोर्डच्या सीडी, आणि विंडोजचे दोन डबे. डबा उघडला तर आत दोन डीव्हीडी. एकीवर ६४ बिट, तिचं पाकीट फोडलेलं. दुसरी ३२ बिट, तिचं पाकीट तसंच बंद. होम प्रीमियमच्या रिटेल डब्यात दोन्ही मिळायच्या आणि प्रॉडक्ट की दोन्हीला एकच चालायची. मी ती डीव्हीडी हातात घेऊन क्षणभर उभाच राहिलो. आख्ख्या सकाळभर जे शोधत होतो ते तिजोरीशेजारी पुठ्ठ्यात पडलेलं.

डीलरला फोन करून विचारलं ६४ का टाकलं, तर म्हणाला ४ जीबी रॅम आहे, ३२ टाकलं तर सव्वातीनच दिसते, गिऱ्हाईक भांडतं. त्याचं म्हणणं चूक नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की इथं १९९५ चा प्रोग्रॅम चालणार आहे.

६४ वरून ३२ वर तसंच उतरता येत नाही, पहिल्यापासून नव्याने टाकावं लागतं. दोन्ही मशीनवर एकदम लावलं, एकाकडे मी, एकाकडे पोरगा. ड्रायव्हर, नेटवर्क, सर्व्हरचा एफ ड्राईव्ह, त्या दोन फाईल. नवीन मशीनला प्रिंटरचा जुना पोर्ट नाही म्हणून एलपीटी वन, म्हणजे तोच पोर्ट, सर्व्हरला जोडलेल्या डॉट मॅट्रिक्सकडे वळवला. दुपारी देवळातून महाप्रसादाची पानं आली, गव्हाची खीर, आम्ही उभ्याउभ्याच खाल्ली. साडेतीनला दोन्ही टेबलं चालू झाली. लाल पट्टी चारही मशीनवर, प्रत्येक जोडीत तपासली, मग हात काढला. संध्याकाळी पिग्मी एजंट आले तेव्हा त्यांच्या मशीनचं कलेक्शन उतरवताना सिरीयल पोर्टचा घोळ निघाला, तो कन्व्हर्टर लावून मिटला.

साहेबांच्या लॅपटॉपचं रात्री आठला झालं, बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद होतं तेवढं चालू केलं. खरं तर एक्सपी मोडला ते लागतंच ही अट त्याच महिन्यात काढून टाकली होती पण असेल तर चालू केलेलं बरं. त्यांनी निघताना विचारलंच, माझ्या अकाउंट्सच्या मशीनला रॅम सव्वातीन का दिसतेय. मी सांगितलं, आणि बिलाच्या मागे प्रत्येक मशीनचं एडिशन आणि बिट पेनाने लिहून खाली सही केली.

३१ तारखेला मी दिवसभर तिथंच होतो, गरज पडली नाही तरी. रात्री सव्वाअकराला अकाउंटंटनी तेरीज काढली, डॉट मॅट्रिक्स कर्रकर्र करत लांबलचक कागद सोडत होता, काकू पट्टी धरून आकडे वाचत होत्या आणि बाकीचे गप्प. जमा आणि नावे दोन्हीकडे एकच बेरीज.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गृहस्थांना फोन केला. त्यांनी मशीन, विंडोज काहीच विचारलं नाही.

"तेरीज जुळली का?"

"जुळली सर. पैशासकट."

"बरं," म्हणाले, आणि मग थोडा वेळ दोघंही फोन धरून तसेच होतो.