तंबूच्या जागेत सापडलेला झिपऱ्या भुंगा

दोन दिवस झाले, एकाच भुंग्याचा फोटो परत परत उघडून बघतोय. अंगावर लांब पांढरे केस, तेही असे पिंजारलेले की वाटतं कुणी कापूस पिंजून पाठीवर ठेवलाय, आणि त्यातून लांब शिंगं बाहेर आलेली. लांबी फक्त ९.७ मिलिमीटर. नाव एक्सकास्ट्रा अल्बोपायलोसा.

हा सापडला ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये गोल्ड कोस्टच्या मागच्या डोंगरांत, लॅमिंग्टन नॅशनल पार्कजवळच्या बिना बुरा लॉजच्या कॅम्पसाइटवर. डिसेंबर २०२१ मध्ये जेम्स ट्वीड नावाचा क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीतला पीएचडी करणारा मुलगा तिथे मुक्कामाला होता, त्याला लोमॅन्ड्राच्या पानावर (गवतासारखी लांब पात्यांची झुडपं असतात ती) काहीतरी पांढरं दिसलं आणि आधी वाटलं पक्ष्याची शीट आहे. पण किड्यांचाच अभ्यास करणारा माणूस तो, नीट निरखून बघितलं. मला इथेच थांबायला होतं, कारण त्या वाटेने किती लोक गेले असतील.

मग पुस्तकं धुंडाळली, शोधनिबंध चाळले, कशाशीच जुळेना. शेवटी कॅनबेराच्या राष्ट्रीय कीटक संग्रहातल्या तज्ज्ञांनी सांगितलं की हे नवीनच आहे. आणि नुसती जात नवी नाही हं, तिला बसवायला आधीचा एकही जीनस (जवळच्या जातींचा गट) चालेना म्हणून तोही नवा करावा लागला! २०२४ मध्ये वर्णन छापून आलं, तेव्हा हातात नमुना एवढा एकच. लॅटिनमध्ये कास्ट्रा म्हणजे छावणी, म्हणून एक्सकास्ट्रा, छावणीतून आलेला. अल्बोपायलोसा म्हणजे पांढऱ्या केसांचा.

केस कशासाठी, तर संशोधकांचा अंदाज असा की बुरशी लागून मेलेल्या किड्यासारखं दिसावं म्हणजे पक्षी तोंड लावणार नाहीत. मला हे लगेच पटलं. आपल्याकडे पावसाळ्यात रानात पानांच्या खाली असे पांढरी बुरशी फुटलेले मेलेले किडे चिकटलेले दिसतात ना, अगदी तसंच.

कोकणात लहानपण गेलं त्यामुळे लांब शिंगांचा भुंगा म्हटलं की मला आंब्याचा भिरूडच आठवतो. त्याची अळी खोड पोखरते, भोकातून भुसा पडायला लागला की आजोबा तार घालून ती बाहेर ओढायचे आणि भोक चिखलाने लिंपायचे. तो भिरूड आणि हा झिपऱ्या एकाच उपकुळातले आहेत. जगात लांब शिंगांच्या भुंग्यांच्या ३५ हजारांवर जाती नोंदवल्यात, त्यातला एक आपल्या बागेचा शत्रू म्हणून आम्ही बाकीच्यांकडे कधी पाहिलंच नाही, याचं आता खरंच वाईट वाटतं.

अजून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सप्टेंबर २०१९ च्या वणव्यात बिना बुराचं जुनं लॉज जळून गेलं होतं. त्यानंतर जेमतेम सव्वादोन वर्षांनी त्याच परिसरात, एका पानावर हा बसलेला.

ब्रिस्बेनला माझी मावसबहीण असते. तिला कालच मेसेज केलाय, ताई, बिना बुराला कॅम्पिंगला गेलीस तर लोमॅन्ड्राची पानं बघत जा, शिटेसारखं पांढरं काही दिसलं तर झटकू नको, आधी जवळून फोटो काढ.