प्रायमरचे गोळे

प्रायमरच्या, म्हणजे फाउंडेशनच्या आधी लावायच्या क्रीमच्या, ट्यूबवर लिहिलं होतं, ‘पोअर्स क्षणात गायब’, म्हणजे त्वचेवरची बारीक छिद्रं दिसेनाशी. माझ्या चेहऱ्यावरून गायब झालं ते फाउंडेशन. गालावर बोट फिरवलं की खोडरबर घासल्यावर उरतो तसा चुरा, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना चक्क वळकट्या. हे एक-दोनदा नाही, रोज सकाळी, सलग सहा आठवडे. तेवढ्यात मी तीन प्रायमर बदलले. तिन्हींनी तेच केलं, तरीही दोष आपल्या हाताचा असेल असं डोक्यात येईना. म्हणून हा भाग सविस्तर लिहितेय, बाकीचं पटापट उरकते.

पोअर्सना दार नसतं. वाफ घेतली की उघडतात आणि गार पाणी मारलं की मिटतात, हे मी वर्षानुवर्षं खरं मानत होते. पण उघडझाप करायला तिथे स्नायूच नाही. आकार बराचसा जन्मजात असतो, त्वचा तेलकट असेल तर तो जास्त दिसतो, आणि वय वाढलं, ऊन लागलं की भोवतालची त्वचा सैल पडून छिद्रं ताणल्यासारखी दिसतात. माझे वडिलांकडून आलेत, नाकासकट. त्यामुळे ‘घालवणं’ हा शब्द सोडून दिला. ते कमी दिसावेत एवढंच मागणं ठेवलं.

औषधपाण्यात दोन गोष्टींचा फरक पडला. पहिली, २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड. ते तेलात विरघळतं, म्हणून छिद्रात साचलेल्या तेलापर्यंत पोचतं. आठवड्यातून तीन रात्री पुरे. मी उत्साहात रोज लावलं, वर स्क्रबही घासला आणि आठवडाभर लाल तोंड घेऊन फिरले. दुसरी, डॉक्टरांनी दिलेलं ०.१ टक्के अडापलीन, म्हणजे मुरुमांवर लावायचं रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए-सारखं काम करणारं औषध). वाटाण्याएवढं, अख्ख्या चेहऱ्याला, आणि सॅलिसिलिकच्या रात्री नाही. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर हे वापरू नका. परिणाम दिसायला १२ आठवडे धरून चला. सुरुवातीला त्वचा कोरडी पडून साल निघते. हे साल निघणं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

नाकावर चिकटवून ओढायच्या पट्ट्या मात्र बंद केल्या. ते करडे ठिपके म्हणजे ब्लॅकहेड्स असं मी समजत होते. बहुतेक ठिकाणी तो तेल बाहेर आणणारा नेहमीचाच धागा असतो, काढला तरी महिन्याभरात पुन्हा भरतो.

आता गोळ्यांकडे. पोअर्स लपवणाऱ्या बऱ्याच प्रायमरमध्ये सिलिकोन असतं. भिंतीवरच्या खळग्यात पुट्टी भरावी तसं ते छिद्रात बसतं आणि पृष्ठभाग सपाट दिसतो. पण खालचे थर ओले असतील तर ते धरत नाही. माझ्या चेहऱ्यावर तोवर नायसिनामाइडचं सीरम, जाड मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन असे तीन थर चढलेले असायचे. घड्याळाकडे बघत, एकही वाळू न देता, त्यावर मी प्रायमर क्रीमसारखा गोल गोल चोळायचे. खालचे थर सुटायचे आणि त्यांचीच वळकटी व्हायची.

नेमका गुन्हेगार कोण हे अर्ध्या चेहऱ्याच्या युक्तीने सापडलं. डाव्या गालावर एक थर वगळायचा, उजवीकडे सगळं नेहमीसारखं, आणि दोन दिवस बघायचं. सुट्टीच्या दिवशी करा, नाहीतर लोक विचारतात. सीरम वगळलं तर गोळे निम्मे झाले. मॉइश्चरायझर वगळला तर आणखी कमी. उरले ते नाकाजवळचे, आणि ते काही केल्या हटेनात. वैतागून एका सकाळी काहीही न लावता ओल्या मऊ कापडाने नाक पुसलं, तर कापडावर तोच चुरा! ते प्रॉडक्ट नव्हतंच. अडापलीनने निघालेली माझीच साल होती. आणि मी तिसरा प्रायमर कचऱ्यात टाकायला निघाले होते.

आता सीरम रात्री. सकाळी मॉइश्चरायझर फक्त कोरड्या भागांना. सनस्क्रीन मात्र कमी केलं नाही, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर रेघ ओढू तेवढं, आणि त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. तेवढ्यात केस, डबा, जे असेल ते. प्रायमर अगदी थोडा, फक्त नाकाच्या बाजूंना आणि गालांच्या आतल्या भागावर, बोटाने दाबत. चोळायचा नाही. हे एक वाक्य मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर!

फाउंडेशनचं लेबलही वाचा. पहिल्या काही घटकांत ‘कोन’ किंवा ‘सिलॉक्सेन’ने संपणारी नावं असतील तर ते सिलिकोनवालं. माझं पाण्यावर आधारलेलं होतं, ते प्रायमरवरून घसरून ठिपक्यांसारखं जमायचं. ते बदललं आणि ओल्या स्पंजने थापून पातळ थर द्यायला लागले. जाड थर छिद्रांत उतरतो, मग एकेक मोजता येतं. पावडर फक्त कपाळ, नाक, हनुवटीला, पफने दाबून. दुपारी तेल आलं तर आधी टिश्यूने टिपा, थेट पावडर मारली तर लगदा होतो. चकचकीत हायलायटर गालाच्या आतल्या भागावर नको, तो प्रत्येक खळग्याकडे बोट दाखवतो.

हो, हे राहिलंच. रात्री हे सिलिकोन नुसत्या पाण्याने निघत नाही. आधी तेलाचं क्लेन्झर किंवा बाम, मग फेसवॉश. आणि मोठं दाखवणारा आरसा मी माळ्यावर टाकलाय. तेवढ्या जवळून माझ्याकडे बघणारं दुसरं कुणी नाही.

उरलेल्या दोन ट्यूब अजून आहेत. एक बॅगेत असते, दुसरी नवे बूट चावू नयेत म्हणून टाचेला लावते. तिथे मात्र गोळे होत नाहीत.